प्रौढांच्या क्लासचा पास: पैसे वसूल झाले, पण फरशीवर नाही

काल रात्री क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. पुढच्या सत्रापासून फी वाढणार, कारण ‘सभासदांच्या सोयीसाठी हॉलला नवीन फरशी बसवण्यात आली आहे’. खाली हात जोडलेले. ग्रुपवर भांडायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून इथे लिहिते. संस्थेचं नाव लिहीत नाही.

बेळगावात संध्याकाळचे असे क्लास आणि त्यांचे पास कसे असतात हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. माझा पास सगळ्याचा आहे: चित्रकला, नृत्य, आरोग्य आणि चालू घडामोडी. मला हवी होती फक्त चित्रकला. पण एका विषयाची फी आणि चारही विषयांची फी यांत फरक इतका थोडा की सगळ्याचा न घेणं जिवावर आलं. पैसे गृहलक्ष्मीच्या, म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या बाईला महिन्याला देतं त्या दोन हजारांतून बाजूला टाकलेले. येणं-जाणं खानापूरहून बसने. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसला पैसे पडत नाहीत, त्यामुळे खर्च काय तो फीचा आणि चहाचा. चहाही आम्ही बाय-टू घेतो, एक चहा दोघींत. एवढं फुकटात जाऊन फीवरून कटकट कसली करतीस, असं आमचे हे म्हणतात. फुकटच्या बसमध्ये खानापूर ते बेळगाव उभं राहून जावं लागतं, ते त्यांनी एकदा करून बघावं.

आता फरशी. जुनी होती शहाबादी. खरबरीत, टवके उडालेली, सांध्यांत काळा मळ बसलेला. सुरुवातीला मी तिला भरपूर नावं ठेवली होती. आज ती परत आणा म्हणायची वेळ आलीय. नवी आहे ती मोठ्या चौकोनांची व्हिट्रिफाइड टाइल, पांढरी, तोंड दिसेल इतकी चकचकीत. लग्नाच्या हॉलला ती शोभते, आणि गोम तिथेच आहे. आमचा हॉल मुहूर्ताच्या दिवशी लग्नाला, साखरपुड्याला, बारशाला भाड्याने जातो. फरशी निवडताना कमिटीच्या डोळ्यांपुढे आम्ही नव्हतो, नवरीकडची मंडळी होती. आणि बिल मात्र आमच्याकडे.

नृत्याच्या टीचर भरतनाट्यम शिकलेल्या आहेत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शिकवणं अगदी नेटकं. पन्नाशीच्या बायकांना त्या पूर्ण अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत, बसवत नाहीत. जेवढे वाकतील तेवढेच गुडघे वाका म्हणतात, पण गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहिला पाहिजे, आत पडता कामा नये, यावर अडून बसतात. सगळ्यात आधी तट्टडवू, म्हणजे पाऊल सपाट आपटणं, तेही अनवाणी. सिमेंटवर चिकटवलेली टाइल तसूभरही दबत नाही. जेवढ्या जोरात आपटाल तेवढा दणका परत नडगीत आणि गुडघ्यात. शहाबादीवरही हे होत होतं, खोटं कशाला बोलू. नाचाची खरी जमीन लाकडाची असते, फळ्यांखाली आडव्या पट्ट्या टाकून मध्ये पोकळी ठेवलेली, म्हणजे ती पायाखाली जराशी दबते. ती आम्हाला कोण देणार! पण शहाबादीवर निदान पाय धरायचा. या टाइलवर तळव्याला घाम आला की पाय निसटतो.

श्रावणात टीचरनी मंगळागौरीचे खेळ घेतले. झिम्मा निभावला. फुगडीला माझ्या जोडीला होत्या गोकाककडच्या एक अक्का. घरात कन्नड, फुगडी आयुष्यात पहिल्यांदाच, आणि उत्साह माझ्या दुप्पट. पावलं जुळवून मागे कलून गिरकी घ्यायची म्हणजे सगळा भरवसा पायाखालच्या पकडीवर. अक्कांचे पाय पुढे सरकले आणि दोघी धप्पकन खाली. हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी माकडहाड वेगळं सांगत होतं.

मी तक्रार केली. त्यावर उपाय म्हणून त्यांनी टाइलवर जमखाना अंथरला. आता पायाबरोबर जमखानाही सरकतो. मी फोमचे जोडायचे मॅट सुचवले, तर टीचर नको म्हणाल्या, मऊ मॅटमध्ये पाऊल रुततं आणि वळताना घोटा मुरगळतो. त्यांचं पटलं. म्हणजे इलाज एकच, टाइल काढा. ती कोण काढतंय.

लग्नसराईत बुडालेल्या तासांचंही सांगितलं पाहिजे. उन्हाळ्यात मुहूर्त आला की ग्रुपवर ऐन वेळी मेसेज, ‘आज क्लास नाही’. तोवर खानापूरची मंडळी बसमध्ये चढलेली असतात. एकदा ऑफिसात जाऊन विचारलं.

“सर, बुडालेले तास भरून मिळणार काय?”

“काकू, मुहूर्त आम्ही काढतो काय? पंचांगात असतात.”

“मग फी पण पंचांग बघूनच घ्या की.”

“तसं नव्हं हो काकू. कमिटीपुढं ठेवतो.”

कमिटीपुढे ठेवलेलं पुन्हा कुणी उचललेलं मी अजून बघितलेलं नाही.

ज्यासाठी गेले ती चित्रकला. या गावात चित्रकला शिकायची म्हणजे मागे मोठी नावं उभी. के. बी. कुलकर्णी इथले, त्यांच्या हाताखाली तयार झालेले रवी परांजपे इथलेच. आमचे सर ही नावं जवळजवळ दर तासाला घेतात आणि मग आम्हाला मडकं काढायला बसवतात. मडकं, मडक्याची सावली, मडक्याच्या पोटावरचा उजेड. कंटाळा येतो, पण हात वळला हेही खरं. मडक्यानंतर मी घरची दुरडी काढली तर ती दुरडीच दिसली.

जलरंग मात्र पावसाळ्यात सुरू करू नका. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हा त्यातला साधा नियम. नाहीतर खालचा रंग उठतो आणि सगळं गढूळ होतं. आमच्या भागात जुलैत पहिला हात वाळतच नाही. हवेतच इतकं पाणी असतं की कागद तासभर ओला. सरांकडे केस वाळवायचा ड्रायर आहे, तो करंट असेल तेव्हा चालतो. कागदाचीही गंमत सांगते. १३० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा, कार्ट्रिज कागद स्वस्त, पण पाणी लागलं की पापडासारखा फुगतो आणि रंग खळग्यांत जाऊन साचतो. ३०० जीएसएमचा फुगत नाही, पण किंमत ऐकूनच रंग उडतो. मी एका कागदाचे चार तुकडे करते आणि दोन्ही बाजू वापरते. सरांना ते आवडत नाही. कागद माझ्या पैशाचा आहे.

आरोग्याच्या तासाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्राणायाम घरी फुकट होतो, आणि ‘सकारात्मक राहा’ हे ऐकायला बसभाडं नसलं तरी वेळ जातो. दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एका निवृत्त नर्सबाईंनी बीपी कसं मोजायचं ते नीट दाखवलं: आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही. मी इतकी वर्षं डॉक्टरांशी गप्पा मारत बीपी मोजून घेत होते. दुसरी गोष्ट, टेलिमानसचा १४४१६ हा नंबर. मनाचं काही बिनसलं तर सरकारी, फुकट, दिवसरात्र. शेजारच्या घरात तो उपयोगी पडला, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

आणि आता चालू घडामोडी. इथे बसले ती निव्वळ पैसे वसूल करायला. चित्रकला सुटते आणि परतीची बस मिळते यांच्या मधला वेळ, बाहेर बसून डास मारण्यापेक्षा आत बसावं म्हणून. सर निवृत्त शिक्षक. पद्धत अशी की एकच बातमी मराठी पेपरातली आणि कन्नड पेपरातली शेजारी शेजारी ठेवायची, मोठ्याने वाचायची, आणि मग मूळ कागद काढायचा. निवाडा असेल तर निवाडा, कायदा असेल तर कलम.

माझं माहेर कणकुंबीकडचं. मलप्रभा तिथे उगम पावते आणि कळसा नाल्याचं, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून गोव्याशी चाललेलं भांडण तिथलंच, ते ऐकतच मोठी झाले. पण पाण्याचा आकडा मला पहिल्यांदा या वर्गात कळला. म्हादई लवाद २०१० साली नेमला, निवाडा २०१८ च्या ऑगस्टमध्ये आला. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या १३.४२ पैकी ८.०२ वीजनिर्मितीसाठी, आणि मलप्रभेत वळवायचं पाणी कळसा नाल्याचं १.७२ आणि भांडुरा नाल्याचं २.१८, मिळून ३.९. सर म्हणाले, नुसते टीएमसी टीएमसी करू नका, हिशेब करा. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. वह्या काढल्या, अक्कांनी मोबाइलवर भागाकार केला. गळती धरली नाही तर ३.९ टीएमसी २२ लाख माणसांना वर्षभर पुरतं. मग कुणीतरी विचारलं, आणि आमच्या जंगलाचं, आमच्या नाल्यांचं काय? त्यावर इतका वाद झाला की माझी बस चुकली. मला तर तो वाद हॉलमधल्या कुठल्याही नाचापेक्षा जास्त व्यायाम देऊन गेला.

सीमाप्रश्न सर सुरुवातीला टाळत होते. वर्गात मराठी जास्त, कन्नडवाले थोडे, उगाच कशाला. शेवटी अक्काच म्हणाल्या, घ्या की, आम्ही काय खातोय काय. मग तारखांनिशी घेतला. १ नोव्हेंबर १९५६ ची राज्य पुनर्रचना, ज्या दिवशी आपल्याकडे काळा दिवस आणि त्याच गावात राज्योत्सवाची मिरवणूक. १९६६ चा महाजन आयोग, १९६७ चा अहवाल, तो महाराष्ट्राने नाकारला आणि कर्नाटकाने धरून ठेवला. महाराष्ट्राची ८६५ गावांची मागणी. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला दावा, आणि तो खालच्या कुठल्या कोर्टात न जाता थेट तिथे का गेला: राज्यघटनेचं कलम १३१, राज्याराज्यांतलं भांडण तिथेच चालतं. मी लहानपणापासून घोषणा ऐकत आले, कलम कधी ऐकलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, “आमच्याकडं हे असं कुणी सांगितलंच नाही.” मी म्हटलं, आमच्याकडं तरी कुठं.

पैशाच्या भाषेत बोलायचं तर पास वसूल झाला तो एका साध्या तासाला. सरांनी सगळ्यांना आपापल्या जमिनीची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, घेऊन यायला सांगितली. आपल्या भागातल्या निम्म्या घरांत हा कन्नड कागद पिशवीत घडी घालून ठेवलेला असतो आणि वाचता कुणालाच येत नाही. ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, ११ नंबरच्या रकान्यात इतरांचे हक्क आणि बोजा. आमच्या ११ मध्ये सासऱ्यांच्या वेळचं सोसायटीचं कर्ज तसंच बसलेलं होतं. कर्ज कधीच फिटलंय, पावती घरात आहे, नोंद मात्र कुणी काढलेली नाही. उद्या वाटणी किंवा विक्री निघाली असती तर तिथे अडलो असतो. नोंद काढायचा अर्ज दिलाय. आमचे हे तेव्हापासून फीबद्दल बोलत नाहीत.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, आणि आज ऑफिसात जाऊन आले, त्यामुळे पुढचं जरा बदललंय. मी म्हटलं, मला पुढच्या सत्राला चालू घडामोडी एवढाच विषय द्या, फरशीचे पैसे लग्नवाल्यांकडून घ्या. तर म्हणाले एका विषयाचा पास आता बंद, सगळ्याचाच घ्यावा लागेल. म्हणजे ज्या फरशीवर मी पाय ठेवणार नाही तिचेही पैसे. मी निघाले होते, पण टीचर तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, वरची खोली मिळेल का? वर जुनी अडगळीची खोली आहे, तिथली शहाबादी अजून काढलेली नाही. कमिटीतले एक काका चक्क हो म्हणाले. खोली लहान, त्यामुळे नाचाच्या दोन तुकड्या कराव्या लागतील. मला संध्याकाळची मिळाली तर बस मिळते, म्हणून मी पास पुन्हा घेतला, वाढीव फी देऊन. पावती मागून घेतली आहे.

जलरंगाचं सामान दिवाळीनंतर काढेन. पहाणी वाचायचा तास पुन्हा होणार आहे, नव्याने येणाऱ्यांनी तो चुकवू नये, आपापला कागद आणावा. आणि वरच्या खोलीच्या बरोबर खाली ऑफिस आहे. टीचरनी पाय आपटून बघितला तेव्हा खालचे सर बाहेर येऊन वर बघायला लागले. तट्टडवू आठवड्यातून तीनदा असतो.