पुठ्ठ्याचे खोके की झाकणाचे क्रेट? गोव्यात सामान हलवायचं आणि पावसाळाभर ठेवायचं असेल तर

घर हलवायचं ठरलं की सगळी चर्चा टेम्पो कोणाचा आणि माणसं किती यावरच होते, सामान कशात भरायचं हा विषय अगदी शेवटी निघतो आणि मग ओळखीच्या दुकानातून जे मिळतील ते खोके आणले जातात. आम्ही फोंडा तालुक्यातलं जुनं कौलारू घर पाडून नवं बांधायला काढलं तेव्हा थोडं सामान भाड्याच्या फ्लॅटवर न्यायचं होतं आणि बाकीचं शिरोड्याला मामाच्या घरी मागच्या खोलीत ठेवायचं होतं, तेही पूर्ण पावसाळा. त्यामुळे काही सामान पुठ्ठ्याच्या खोक्यांत आणि काही झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये असं दोन्ही वापरून झालं. आता नात्यातलं कोणी ना कोणी विचारत असतं की कशात भरू, म्हणून एकदाच नीट लिहितोय.

पॅकर्सवाल्यांना सगळं सोपवणार असाल तर हे वाचायची तितकीशी गरज नाही, ते बहुतेक आपले खोके घेऊनच येतात. पण फोंड्याहून मडगाव, डिचोलीहून पर्वरी असं जवळच्या जवळ जायचं असलं की आपल्याकडे बरेचजण स्वतःच भरतात आणि छोटा हत्ती किंवा पिकअप सांगतात, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी खोक्यांबद्दल चांगलं बोलतो, कारण ते खरंच चांगले आहेत. स्वस्त आहेत, हलके आहेत, आणि काम झालं की घडी घालून भंगारवाल्याला देता येतात, घरात अडगळ राहत नाही. गोव्यात तर एक खास सोय आहे, दारूच्या दुकानातले बारा बाटल्यांचे खोके. आत पुठ्ठ्याचे कप्पे असतात, एकेका कप्प्यात ७५० मिलीची बाटली बसते, म्हणजे काचेचे ग्लास, छोट्या बरण्या, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या त्यात अशा उभ्या बसतात की वेगळं गुंडाळायला फारसं लागत नाही. आकार लहान त्यामुळे पुस्तकं भरली (कप्पे काढून) तरी एका माणसाला उचलता येतात. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की उचलताना तळ हातात येतो, हे ज्यांनी घर हलवलंय त्यांना सांगायला नको. आणि दारूचा खोका बाटल्यांचं वजन पेलण्यासाठीच बनवलेला असतो, बिस्किटं-चिप्सच्या खोक्यासारखा मऊ नसतो. विकत घेणार असाल तर तीन प्लायचे (म्हणजे तीन थरांचे) कपडे-उशांपुरते ठीक, भांड्यांना पाच प्लायचे घ्या, सात प्लायची घरच्या सामानाला सहसा गरज पडत नाही.

आता पावसाचं. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, सत्तरी-सांगेकडे त्याहूनही जास्त, पण खोक्याला पाणी लागावंच लागतं असं नाही, नुसती हवा पुरते. हवेतला दमटपणा ५० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेला की पुठ्ठ्याची वजन पेलायची ताकद साधारण निम्म्यावर येते. याचा अर्थ मे महिन्यात चार खोक्यांची चळत ताठ उभी असते आणि जुलैमध्ये तीच चळत खालच्या खोक्याच्या एका कोपऱ्यावर कलते. मामाच्या खोलीत गळती अजिबात नव्हती, फरशी कोरडी, खाली लाकडी फळ्या टाकलेल्या, तरी सगळ्यात खालचे खोके पोट सुटल्यासारखे फुगले. दुसरं म्हणजे पुठ्ठ्याचे थर चिकटवायला जो गोंद वापरतात तो बहुधा स्टार्चचा, म्हणजे सोप्या भाषेत खळ, आणि खळ म्हटली की कसर आणि झुरळं आलीच. पुस्तकं, सर्टिफिकिटं, जुने फोटो महिनोनमहिने पुठ्ठ्यात ठेवणं मला तरी पटत नाही.

पण खरं सांगायचं तर या दोन गोष्टींनी माझं मत बदललं नव्हतं. खाली जड आणि वर हलकं ठेवलं, चळत तीनच्या वर नेली नाही, कडुनिंबाचा पाला आणि कापूर टाकला की खोकेही पावसाळा काढतात, आमच्यातले बरेचसे निघाले. मला नको झालं ते वेगळंच, खोका परत बंद करणं.

सामान ठेवायचं म्हणजे एकदा बंद केलं की नव्या घरातच उघडायचं असं आपल्याला वाटतं आणि ते गोव्यातल्या घरात होतच नाही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, पावसाळ्यातच येते. घर पाडलेलं असल्यामुळे त्या वर्षी गणपती काकांकडे होता, पण समया, तांब्याची भांडी, पंचपाळं, आरतीचं ताट, माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) चौकट आणि दोऱ्या हे सगळं आमच्याकडचं, म्हणजे शिरोड्याला. ते खोके काढायला वरचे दोन उतरवले, टेप कापली, सामान काढलं, इथपर्यंत ठीक. चवथ झाल्यावर सगळं घासूनपुसून परत भरलं आणि टेप मारायला घेतली तर टेप चिकटेना. पहिली टेप निघताना पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून आला होता, खाली नुसता मऊ भुरभुरीत थर, तोही दमट, त्यावर खाकी टेप मारली की संध्याकाळपर्यंत कडेने उठलेली. डबल मारली तरी तेच. मग चारी पाळ्या एकमेकांत अडकवून बघितलं, तर मध्ये उंचवटा येतो आणि वर दुसरा खोका सपाट बसत नाही, आणि मधल्या फटीतून पाल शिरते. त्याच्यानंतर आईला मुलांच्या शाळेच्या कामासाठी कुठलासा दाखला हवा झाला, मग दिवाळीला आकाशकंदील आणि पणत्या, मग तुळशीच्या लग्नाचं सामान. दरवेळी तेच, वरचे उतरवा, कापा, काढा, भरा, आणि परत न चिकटणारी टेप. जो खोका एकदा उघडला तो कायमचा कमजोर झाला, आणि जो कमजोर झाला तो सगळ्यात वर ठेवावा लागतो, म्हणजे चळतीचा क्रम आपल्या गरजेप्रमाणे राहतच नाही, खोक्यांच्या तब्येतीप्रमाणे ठरतो. मला याचा इतका वैताग आला की त्याच्यापुढे स्वस्त-महागचा हिशोब उरलाच नाही.

त्याच खोलीत दुसऱ्या भिंतीला क्रेट होते. उचलला, झाकण काढलं, हवं ते घेतलं, झाकण टाकलं, बस. शंभरदा उघडा, झाकण पहिल्या दिवसासारखंच बसतं. आमच्या वहिनीने तर दिवाळीनंतर पुठ्ठ्यातलं पूजेचं सगळं सामान स्वतःहून एका क्रेटमध्ये हलवलं, मला विचारलंही नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

क्रेट म्हणजे नेमके कुठले ते सांगतो, कारण तीन प्रकार मिळतात आणि तिन्हींना लोक क्रेटच म्हणतात. भाजीवाल्यांचे जाळीचे असतात, बेळगावची भाजी येते त्यातले, ओळख असेल तर डिपॉझिट ठेवून दोन-चार दिवस मिळतात. कढया, पातेली, पाटा-वरवंटा, आदोळी (विळी) असल्या वस्तूंना एकदम मजबूत, पण जाळीतून धूळ आणि किडे आत जातात म्हणून ठेवणीला उपयोग नाही, फक्त वाहतुकीला. मासळीचे मात्र कितीही धुऊन मिळाले तरी घेऊ नका, वास कपड्यांत बसला की जात नाही. दुसरा प्रकार घरगुती झाकणाचे बॉक्स, खाली चाकं, बाजूला क्लिपा. दिसायला छान पण माझ्या अनुभवात चाकाचा सांधा आणि क्लिप हेच आधी तुटतात, आणि चाकांमुळे एकावर एक घट्ट बसत नाहीत. तिसरा कंपन्या-गोदामांत वापरतात तो, जाड, साधारण ६०० बाय ४०० मिलिमीटरचा, झाकण दोन भागांत बाजूलाच जोडलेलं, वर दुसरा ठेवला की खाचेत बसतो. मी तिसऱ्याच्या बाजूने आहे. बुडाला त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असतो तो बघा, २ म्हणजे एचडीपीई आणि ५ म्हणजे पीपी, ही प्लास्टिकची नावं, दोन्ही चालतात, फक्त सतत उन्हात ठेवू नका, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं.

आता क्रेटचे दोष, कारण ते आहेत आणि सांगितले पाहिजेत. किंमत जास्त, एका चांगल्या क्रेटच्या पैशात आठ-दहा जाड खोके येतात. स्वतःचंच वजन दोन-तीन किलो. भिंती खाली निमुळत्या होत जातात म्हणून बाहेरून दिसतो तेवढा माल आत मावत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आतला दमटपणा बाहेर जात नाही. खोका हवा घेतो-सोडतो, क्रेट घट्ट बसला की जे आत गेलं ते आतच. पावसाळ्यात भरलेले कपडे, अर्धवट वाळलेली गोधडी, धुऊन नुसतं पुसलेलं लाकडी पोळपाट असं काही क्रेटमध्ये गेलं तर महिन्याभरात पांढरी बुरशी ठरलेली. आम्ही एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये भरलं, सगळं कडक उन्हात टाकून, आणि ऊन लागलेलं गरम गरम न भरता सावलीत थंड होऊ देऊन मग झाकण लावलं, कारण गरम भरलं की आत वाफ धरते. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि चवथीला क्रेट उघडले तेव्हा बदलल्या. तुम्हाला जुलैतच हलायचं असेल आणि ऊन मिळणारच नसेल तर कपड्यांच्या बाबतीत खोका बरा, हे मी मान्य करतो. तसंच सागवानी देव्हारा, चौरंग, लाकडी खुर्च्या यांना ना क्रेट ना प्लास्टिकचा रोल, जुनी सुती चादर गुंडाळा आणि भिंतीपासून थोडं लांब ठेवा.

जुन्या घरांत काजूचे चौकोनी पत्र्याचे डबे असतात, ते विसरू नका. कडधान्य, पापड, कोकमाची सोलं यांना त्यांच्याएवढं चांगलं काही नाही, फक्त खाली पुठ्ठा घालून ठेवा नाहीतर फरशीवर गंजाचा चौकोन उमटतो.

टेम्पोत लावताना मात्र खोक्यांना एक मार्क जास्त. पुठ्ठ्यावर पुठ्ठा घसरत नाही, प्लास्टिकवर प्लास्टिक घसरतं, आणि आपल्याकडे गावातल्या रस्त्यांवर जेवढे गतिरोधक आहेत तेवढ्यात चळत जागची हलते. खाचेत बसणारे क्रेट असतील तर त्रास कमी, तरी मध्ये एखादी गोणपाटाची घडी टाकून दोरी आवळावीच लागते. उलट दोरी आवळताना क्रेट बिनधास्त, खोक्याच्या कडा दोरीने चेपतात. क्रेट केबिनच्या बाजूला तळाशी, त्यांच्यावर खोके, गाद्या बाजूने उभ्या, फ्रिज उभाच, असं लावलं तर छोटा हत्तीच्या सात फुटांत बऱ्यापैकी मावतं. वर ताडपत्री, आकाश कितीही निळं असो.

रिकाम्या क्रेटचं काय करायचं हा प्रश्न वहिनीने सुरुवातीलाच काढला होता आणि तो रास्त होता, फ्लॅटमध्ये जागा कुठे असते. निमुळते असल्यामुळे रिकामे एकात एक बसतात, एवढीच एक चळत होते. आमच्याकडे आता एकात तांदूळ आहे, दोनात चवथीचं सामान कायमचं आहे, आणि मे महिन्यात मानकुराद आंबे गवतात घालून पिकवायला दोन लागतातच, अर्थात तेव्हा झाकण उघडं ठेवून.

तेव्हा माझं म्हणणं असं की एका दिवसात, डिसेंबर ते मेच्या मध्ये, एका घरातून दुसऱ्या घरात जाणार असाल आणि तिथे लगेच उघडणार असाल तर खोके घ्या, दारूच्या दुकानातले आणा, पैसे वाचवा, क्रेटवर खर्च करायचं कारण नाही. पण मध्ये कुठे ठेवायचं असेल आणि त्या ठेवण्यात पावसाळा किंवा चवथ येत असेल तर निदान जे मध्येच लागणार आहे ते क्रेटमध्ये जाऊ द्या. सगळं घर क्रेटमध्ये भरायची गरज नाही, कागदपत्रं, पूजेचं, रोजची औषधं-चार्जर, एकेक जोड चांगले कपडे आणि पुस्तकं एवढं धरलं तरी पुष्कळ झालं. तुमचं घर, तुमची जागा वेगळी असेल, माझ्यापेक्षा वेगळा अनुभवही येईल, पण मला परत हलायचं झालं तर मी आधी क्रेटच मोजीन आणि उरलेल्याला खोके आणीन.

विकत घेताना एकच करा, दुकानात दोन क्रेट एकावर एक ठेवून वरच्यावर दोन्ही हातांनी जोर द्या. खालच्याचं झाकण मध्ये दबलं तर तो घेऊ नका, पुस्तकं भरलेला क्रेट वर आला की ते झाकण आतच जाईल. आणि सगळे एकाच मापाचे घ्या, दोन मापं आली की एकावर एक नीट बसत नाहीत. नाव लिहायची चिठ्ठी झाकणावर नको, पुढच्या बाजूला लावा, म्हणजे चळत न उतरवता वाचता येते.