किराणा दुकानाची रॅक: भावपट्टी कुठली, हूक कुठले, आणि कंपनीचा स्टँड घ्यावा का?

काउंटर काढून गिऱ्हाइकाला थेट रॅकपर्यंत येऊ द्यायचं ठरवलं, की रॅकवाला आधी विचारतो, रंग कुठला देऊ? रंग शेवटी ठरवला तरी चालतो. आधी ठरवायचं ते हे की दुकानात भाव कोण बदलणार, महिन्यातून किती वेळा बदलणार आणि बदलताना फळीवरचा माल हलवावा लागणार का. भावपट्टी, म्हणजे फळीच्या कडेवर भाव लावायची पट्टी, या तीन उत्तरांवरून निवडावी. दिसण्यावरून निवडली की काही महिन्यांत निम्म्या पट्ट्या रिकाम्या पडतात आणि गिऱ्हाईक पुन्हा गल्ल्यावर येऊन ‘केवढ्याला?’ विचारायला लागतं.

हिशेबापुरतं एक दुकान धरू. तालुक्याचं गाव, पाचशे चौरस फुटांच्या आसपास जागा, तीन फुटी २० रॅक, प्रत्येकीला ५ फळ्या. म्हणजे १०० फळ्या, ३०० फूट कड, आणि फळीवर सरासरी ७ प्रकारचा माल धरला तर ७०० लेबलं.

पट्टीच्या आधी कड मोजा

तयार सुपरमार्केट रॅक, जिला विक्रेते गोंडोला म्हणतात, तिच्या फळीची पुढची कड बहुधा ३९-४० मिमीच्या पट्टीसाठीच घडवलेली असते. ३९ मिमी हे या धंद्यातलं रुळलेलं माप. त्या मापाची पट्टी आणि त्यात बसणारा कागद शोधत फिरावं लागत नाही. गावातल्या फॅब्रिकेटरकडून स्लॉटेड अँगलची, म्हणजे ओळीने भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांची, रॅक करून घेतली तर मात्र फळीची दुमडलेली कड अनेकदा ३० मिमीच्या आसपासच भरते. तिच्यावर ३९ ची पट्टी लावली की ती खाली लोंबते. खालच्या फळीवरचा डबा काढताना प्रत्येकाचा हात तिला लागतो आणि ती सुटते. अशा कडेला २६ मिमीची पट्टी घ्यावी.

पण २६ मिमीत देवनागरी कोंबायला त्रास होतो. अक्षराच्या वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. मालाचं नाव, वजन आणि भाव अशा तीन ओळी केल्या तर चाळिशी लागलेल्याला काहीच वाचता येत नाही. दोन ओळी ठेवाव्यात आणि त्यातही भाव ठसठशीत. लेबलं बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून छापणार असाल तर खरेदीआधी मराठी लेबल छापून बघा. काही ठिकाणी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात.

लाकडी फर्निचर असेल तर १८-१९ मिमी प्लायच्या कडेवर यातलं काहीच नीट बसत नाही. तिथे फळीच्या वरच्या अंगाला टेकणारी आणि पुढे झुकणारी एल आकाराची पट्टी स्क्रूने मारावी. जुन्या दुकानातल्या कडाप्प्यालाही हीच पट्टी, फक्त स्क्रूऐवजी घासून साफ केलेल्या वरच्या बाजूला टेपने. कडाप्प्याची कापलेली कड खडबडीत असते, तिथे टेप धरत नाही. काचेला चिमट्यासारखी क्लिप मिळते, जाडी सांगून मागवावी.

गन, पट्टी, चुंबक की स्क्रीन

स्टिकर मारायची गन, म्हणजे दुकानदारांच्या तोंडची ‘मोटेक्स’, सगळ्यात स्वस्त पडते आणि गल्ल्यावरच्या माणसाला भाव पुडीवरच दिसतो. पण भाव बदलला की प्रत्येक नगावरचं स्टिकर खरवडावं लागतं, आणि त्यात एक कायद्याची मेख आहे. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाहीच, पण कमी केलेल्या एमआरपीचं स्टिकर लावतानाही कंपनीची मूळ छपाई झाकता येत नाही. घाईत गन चालवणारा पोऱ्या बरोबर त्या छपाईवरच स्टिकर मारतो. दुकानात भरलेल्या डाळी-मसाल्याच्या पुड्यांना गन पुरत नाही, कारण तिथे नाव, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना असा बराच मजकूर नियमानेच लागतो. त्यांना प्रिंटरचं लेबलच बरं.

पारदर्शक पट्टी, जिच्यात कागद सरकवायचा, ती या दुकानाला माझ्या मते सगळ्यात योग्य. तिच्यात दोन जाती. एक मागे टेप असलेली, दुसरी रॅकच्या खाचेत दाबून बसणारी. खाच असेल तर डोळे मिटून दुसरी घ्या. टेपची पट्टी गुळगुळीत पावडर कोटिंगवर, म्हणजे भुकटी फवारून भाजलेल्या रंगावर, चांगली धरते, खरबरीत कोटिंगवर तिचं काही खरं नाही. दिसायला खरबरीत रॅक छान आणि चरे लपवणारी असते म्हणून ती घेतली जाते, आणि पट्ट्या लावताना पंचाईत होते. टेप लावण्याआधी कड स्पिरिटने पुसावी, पट्टी दाबून बसवावी आणि एक दिवस तिला हात लावू नये. तेलाच्या पिशव्यांच्या फळीवर एवढं करूनही ती सुटते, कारण तेल झिरपत राहतं. ती एक फळी स्क्रूची किंवा खाचेची ठेवावी. फ्रीजरमध्ये तर टेपच्या वाटेला जाऊच नये, तारेच्या बास्केटवर अडकणारी क्लिप घ्यावी.

पट्टी पीव्हीसीची स्वस्त मिळते, पण पश्चिमेच्या शटरसमोर उन्हात ती पिवळी पडते आणि ठिसूळ होते. तेवढ्या दर्शनी रॅकना पीईटीची (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) घेतली आणि आत पीव्हीसी ठेवली तरी पैसे वाचतात. तळाच्या दोन फळ्यांना वर तोंड करून झुकलेली पट्टी लागते. घोट्याजवळची सरळ पट्टी वाचायला गिऱ्हाइकाने वाकावं ही अपेक्षा चुकीची आहे.

कागदाचंही बघा. साधा थर्मल कागद, ज्यावर आपलं बिल छापतं, तो ऊन आणि उष्णतेने फिका होतो. रिबन लागणाऱ्या प्रिंटरची छपाई टिकते. रोज बदलणाऱ्या भावाला थर्मल चालतं. मीठ, आगपेटी, साबण अशा मालाला रिबनची छपाई किंवा साध्या ए-फोर कागदावर छापून कापलेल्या पट्ट्याही पुरतात.

चुंबकाची पट्टी लोखंडी फळीवर फार सोयीची, दिवाळीत उटणं-पणत्यांची रॅक तीन आठवड्यांसाठी मांडायची तर तीच. स्टीलच्या फळीला मात्र ती बहुधा चिकटत नाही, आणि धक्का लागला की सरकून चहाचा भाव साखरेखाली जातो. कायमच्या रॅकला नको.

आता स्क्रीनवाली इलेक्ट्रॉनिक लेबलं. बटणासारख्या सेलवर चालतात, ई-पेपर, म्हणजे चित्र विजेविना टिकवणारा पडदा, असल्यामुळे मुख्यतः चित्र बदलतानाच वीज खातात, आणि संगणकावर भाव बदलला की रेडिओ लहरींवरून सगळ्या दुकानात बदलतो. अमेरिकेत वॉलमार्टने २०२४ साली जाहीर केलं की २०२६ पर्यंत २,३०० दुकानांत ही बसवणार. तिथल्या एकेका दुकानात लाखाच्या घरात माल असतो आणि लेबल बदलायला पगारी माणसं लागतात. आपल्या ७०० लेबलांचा हिशेब वेगळा. एकाला पाचशे रुपये धरले तरी साडेतीन लाख, वर सिग्नल पाठवणारं यंत्र, आणि सॉफ्टवेअर आपल्या बिलिंगशी जुळलं पाहिजे. रोज भाव बदलणारा माल आपल्याकडे किती? सुकामेवा, डाळी, खाद्यतेल, साखर. चाळीस-पन्नास लेबलं. त्यांच्यासाठी फळा आणि खडू काय वाईट आहे?

इलेक्ट्रॉनिकच्या बाजूने सांगितलं जाणारं सगळ्यात जोरकस उदाहरण २२ सप्टेंबर २०२५ चं. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर आले, तूप-लोणी १२ वरून ५ वर. जुन्या छापील किमतीचा माल फळीवर तसाच होता, आणि नवा भाव गिऱ्हाइकाला दाखवायला अनेक दुकानांत भावपट्टी हीच जागा होती. ज्यांच्याकडे सरकवायच्या कागदाची पट्टी होती त्यांचं काम दोन माणसांच्या एका संध्याकाळचं. ज्यांनी कागद सेलोटेपने डकवले होते त्यांचे हाल. असा दिवस वर्षात एकदाही येत नाही. त्याच्यासाठी साडेतीन लाख घालवू नयेत, पण पट्टी सरकवायची असावी एवढं मात्र त्यातून ठरतं.

लटकवायचा माल

टूथब्रश, कंगवे, रबर-पिना, सेल, वह्या-पेनं. हे फळीवर ठेवलं की आडवं पडतं आणि मागे हरवतं. भिंतीला खाचांचं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) लावावं की तारेची जाळी, एवढाच प्रश्न आहे.

एमडीएफ देखणं दिसतं. पण खाचेत ॲल्युमिनियमची पट्टी नसेल तर जड हूकने खाचेचा ओठ तुटतो. विक्रेता भाव कमी करून देतो तेव्हा बहुधा हीच पट्टी गायब झालेली असते. शिवाय एमडीएफला ओल चालत नाही. रत्नागिरी, मालवण, पेडणे या पट्ट्यात, जिथे पावसाळ्यात भिंत घाम गाळते, तिथे ते फुगतं. जाळी साधी दिसते, पण भिंतीपासून इंचभर सुटी लावता येते, धुता येते आणि स्वस्त. समुद्राजवळ क्रोमची जाळी गंजते, पावडर कोटिंगची घ्यावी आणि कापलेल्या टोकांना रंग मारून घ्यावा. कोकणात जाळी, घाटावर कोरड्या भिंतीला हौस असेल तर एमडीएफ.

हूक घेताना टोक वळवलेला घ्या. सरळ टोकाचा हूक लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येतो. टोकाला झुलती भावपट्टी असलेला हूकही मिळतो, त्याला दोन तारा असतात, माल खालच्या तारेवर आणि भाव वरच्या. थोडा महाग, पण नाहीतर हूकवरच्या मालाचा भाव लावायचा कुठे हा प्रश्न उरतोच. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा मात्र गल्ल्याजवळच असू द्या. त्या गिऱ्हाइकाने स्वतः तोडायच्या झाल्या तर दोनाच्या चार होतात.

फुकट मिळणारा स्टँड

वेफर्सचा, चॉकलेटचा, थंड पेयांचा. सेल्समन म्हणतो, शेठ, ठेवून तर बघा. स्टँडला पैसे नाहीत, कधी महिन्याला डिस्प्लेचे चार पैसेही मिळतात. बदल्यात त्यावर दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही, आणि जागा बहुधा दाराजवळचीच हवी असते. दोन चौरस फूट म्हणजे आपल्या पाचशेतले दोन, वरवर काहीच नाही. पण असे पाच स्टँड झाले की वाट अडते, आणि मागच्या रॅकपर्यंत पिशवी घेऊन जाणारी बाई अर्ध्यातूनच वळते. तेवढ्याच जागेत आपल्या रॅकवर चार कंपन्यांचे वेफर्स किती विकले जातात, ते एका महिन्याच्या बिलांवरून काढा आणि मग हो म्हणा. माझं मत विचाराल तर एक स्टँड ठेवावा, जास्तीत जास्त दोन, आणि काढून नेण्याची अट लेखी घ्यावी. माल बंद झाला तरी रिकामा स्टँड वर्षभर कोपऱ्यात धूळ खात उभा असलेली दुकानं कमी नाहीत.

पैसे देण्याआधी

नवीन रॅक घेणार असाल तर खाचेची कड असलेली गोंडोला, ३९ ची दाबून बसणारी पट्टी आणि तळाला झुकती. जुनी अँगलची रॅक वापरणार असाल तर २६ ची टेपवाली, तेलाची फळी सोडून. भाड्याचं दुकान आणि दोन-तीन वर्षांचाच करार असेल तर भिंतीला काहीच ठोकू नका, उभ्या जाळीचा सुटा स्टँड घ्या, तो टेम्पोत घालून नेता येतो.

आणि रॅकवाल्याकडून बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: पत्र्याचं गेज (जाडी), एका फळीची वजन पेलायची ताकद, आणि उभ्या खांबावरच्या खाचांचं अंतर. तिसरी बहुतेक कोणी विचारत नाही. खाचांचं माप कारखान्यागणिक वेगळं असतं, त्यामुळे पुढच्या वर्षी दुसरीकडून स्वस्तात घेतलेला, फळी पेलणारा ब्रॅकेट या खांबात शिरत नाही. फळ्यांच्या हिशेबाबाहेरचे सात-आठ जोड जादा ब्रॅकेट पहिल्याच खरेदीत मागून घ्यावेत, तेव्हा भावही सुटतो.