गेटवर घ्यायचं की खोलीच्या बिलात?

जंगलासाठी पर्यटकाने पैसे मोजावेत, याला गावात सहसा कुणी नाही म्हणत नाही. वाजतं ते कुठे मोजावेत यावरून. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, ग्रामसभेत तुम्हाला असा ठराव मांडायचा असेल, तर आधी दोन्ही वाटा नीट बघून घ्या.

पहिली वाट गेटची. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्स्यांची रांग लागते. शाली गुंडाळलेले पाहुणे, ओळखपत्र बघणारा गाइड, आणि पैशाचे तीन वेगळे हिशेब: प्रवेश, गाडी, गाइड. गाडीवाला आणि गाइड बहुतेक आजूबाजूच्या गावांतलेच, म्हणजे तेवढा पैसा थेट गावात जातो. प्रवेश शुल्क त्या प्रकल्पाच्याच व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान या संस्थेकडे जातं. वन्यजीव कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली आणि अशी प्रतिष्ठानं उभी राहिली. राज्याच्या तिजोरीत पैसा भरून परत मागत बसण्याची कटकट त्यामुळे वाचली. ही मोठीच गोष्ट आहे.

पण गेट बंद तर गल्ला बंद. पावसाळ्यात कोअरमधली, म्हणजे गाभ्याच्या जंगलातली, सफारी थांबते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर सगळंच थांबलं. वनरक्षकाची गस्त थोडीच थांबते? शिवाय उत्पन्न वाढवायचं तर गाड्या वाढवा नाहीतर दर. गाड्या वाढल्या की वाघाभोवती कोंडाळं, दर वाढले की चंद्रपूरचाच माणूस बाहेर.

इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवरही प्रवेशालाच शुल्क आहे. बहुतेक परदेशी पाहुण्यांना १०० डॉलर पडत. ऑगस्ट २०२४ पासून २०० झाले. मला त्यातली वाटणी आवडते. १९९८ च्या कायद्याने टक्केच लिहून टाकले: राष्ट्रीय उद्यानाला ४०, नगरपालिकांना २०, आणि सामानातून येणाऱ्या परक्या किडी-बियाण्यांच्या तपासणीला ५. पुढे कायदा बदलला, पण ‘गावाला काय?’ याचं उत्तर आकड्यात द्यायची ही रीत उचलण्यासारखी आहे.

दुसरी वाट खोलीच्या बिलाची. हवाईने मे २०२५ मध्ये कायदा करून हॉटेलच्या खोलीवरचा राज्य कर पाऊण टक्क्याने वाढवला, १०.२५ वरून ११. वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर मिळतील असा अंदाज, आणि खर्च निसर्गरक्षण नि हवामान बदलाला तोंड देण्यावर. जाळं मोठं आहे. जंगलात पाऊल न टाकता पोहण्याच्या तलावाकाठी लोळणारा पाहुणाही पैसे देतो. मात्र क्रूझ जहाजांवरही तोच कर लावला, तेव्हा कंपन्या कोर्टात गेल्या.

आपल्याकडे हीच वाट तशीच्या तशी चालत नाही. हॉटेलच्या खोल्यांवरचा राज्याचा ऐषाराम कर २०१७ साली जीएसटीत विरघळला. रिसॉर्टच्या १०,००० रुपयांच्या खोलीवर १८ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, आजही कापले जातात. ते केंद्र आणि राज्य वाटून घेतात, पलीकडच्या पाणवठ्याच्या नावाने त्यातला रुपयाही वेगळा निघत नाही. फट एकच आहे. व्याघ्र पर्यटनाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत पर्यटन व्यवसायाकडून संवर्धन शुल्क घेण्याची तरतूद आहे. कर नव्हे, शुल्क.

रिसॉर्टवाले म्हणतील, पाहुणे पळतील. भूतानकडे बोट दाखवतील: तिथलं दिवसाचं शुल्क २०२२ मध्ये ६५ वरून २०० डॉलरवर नेलं आणि वर्षभरात १०० वर आणावं लागलं. पण ती तिपटीची उडी होती. दहा हजारांच्या खोलीवर एक टक्का म्हणजे १०० रुपये. तेवढ्यात रिसॉर्टमध्ये धड चहाही येत नाही.

माझं मत विचाराल तर गेटचा पैसा आहे तिथेच राहू द्या, आणि खोलीवरचं शुल्क त्याच्या जोडीला मागा. ठरावात ‘कर’ हा शब्द नको. पैसा प्रतिष्ठानाच्याच खात्यात जाईल असं लिहा, आणि गावांचा वाटा ‘योग्य प्रमाणात’ असा मोघम न ठेवता टक्क्यांत मांडा.