स्कोअरबुक घेताना आधी अवांतर धावांच्या ओळी मोजा

कॉलेज क्रिकेटचा सीझन तोंडावर आला की बडोद्यात रावपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत खेळाच्या सामानाच्या दुकानांत स्कोअरबुकांची विचारणा सुरू होते. समोर येतात तीन तऱ्हा. एक पातळ पुठ्ठ्याचं, मधोमध दोन पिना मारलेलं उभं बुक. दुसरं जाड पुठ्ठ्याचं, शिवलेलं, आडवं. तिसरं सुट्ट्या शीट्सचं पॅड. चौथा पर्याय फोनमधल्या ॲपचा आहेच. विद्यापीठातल्या फॅकल्टींच्या सामन्यांसाठी आडवं शिवलेलं बुक घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण दुकानदार देईल ते उचलू नका, कारण आडव्या बुकांतही निम्मी छपाई जुन्या नियमांची निघते.

पहिली परीक्षा फलंदाजीच्या तक्त्याखाली. अवांतर धावांसाठी बाय, लेगबाय, वाइड आणि नो-बॉल अशा चारच ओळी असतील तर ते बुक परत द्या. पाचवी ओळ दंडाच्या धावांची हवी. यष्टिरक्षकामागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला की फलंदाजी करणाऱ्या संघाला ५ धावा मिळतात. त्या ना फलंदाजाच्या, ना गोलंदाजाच्या. ओळ नसली की गुणलेखक त्या बायमध्ये कोंबतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात यष्टिरक्षकाच्या नावावर फुकटचे बाय लागतात. दुसरी गोम नो-बॉलवर पळून काढलेल्या धावांची. २०१७ च्या नियमावलीपासून नो-बॉलची एकच धाव नो-बॉलमध्ये धरतात. चेंडू बॅटला न लागता फलंदाज पळाले तर त्या धावा बाय किंवा लेगबाय म्हणून जातात आणि गोलंदाजाच्या खात्यावर येत नाहीत. वाइडचं तसं नाही, त्यावर पळालेलं सगळं वाइडच. काही बुकांच्या आतल्या पुठ्ठ्यावर 'सूचना' म्हणून अजून जुनाच नियम छापलेला असतो. नवशिक्या गुणलेखकाच्या हाती बुक देण्याआधी त्यावर सरळ कागद चिकटवा.

आता गोलंदाजीचा चौकोन, दर षटकाला एक. पातळ बुकात तो करंगळीच्या नखाएवढा असतो. बिनधावेच्या चेंडूला एक टिंब, दोन उभ्या रांगांत तीन-तीन अशी सहा टिंबं त्यात बसतात, म्हणून निर्धाव षटकाला ती जोडून एम काढता येतो आणि बळीसकट निर्धाव असेल तर डब्ल्यू. षटकात दोन वाइड आणि एक नो-बॉल पडला की मात्र नऊ खुणा होतात. वाइडची फुली, नो-बॉलचं वर्तुळ, बायचा टोकावर उभा त्रिकोण आणि लेगबायचा उलटा त्रिकोण एकमेकांवर चढतात. संध्याकाळी तो चौकोन कुणालाच वाचता येत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा. आडव्या बुकात चौकोन जवळजवळ दुप्पट रुंद असतो. जास्तीचे पैसे त्या रुंदीचे आहेत आणि ते वसूल होतात.

एका गोलंदाजाच्या ओळीत किती चौकोन आहेत तेही मोजा. बहुतेक बुकांत वीसच्या आसपास असतात. पन्नास षटकांच्या सामन्यात एकाला दहाच षटकं मिळतात, तिथे प्रश्न नाही. दोन दिवसांच्या सामन्यात फिरकीपटूने तीस षटकं टाकली की ओळ संपते. मग खालची ओळ घेऊन तिथे पुन्हा त्याचंच नाव लिहायचं आणि आधीची बेरीज तिथे उतरवायची. हे न केल्यामुळे गोलंदाजीच्या पृथक्करणात एकच माणूस दोनदा येतो. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाच्या सी. एस. नायडूंनी मुंबईविरुद्ध पहिल्या डावात ६४.५ आणि दुसऱ्या डावात ८८ षटकं टाकली, म्हणजे एकूण ९१७ चेंडू. वीस चौकोनांच्या बुकात त्यांना चार आणि पाच अशा नऊ ओळी लागल्या असत्या!

फलंदाजाच्या ओळीचंही तेच. सुमारे चार बोटं रुंदीच्या रकान्यात पन्नासेक खुणा सुखाने मावतात. आपल्याच गावात १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकरविरुद्ध बडोद्याचे ३ बाद ९१ असताना विजय हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८, एका ओळीत मावणारच नाहीत. ही भागीदारी कळते ती गडी बाद होण्याच्या क्रमावरून: तिसरा ९१ वर, चौथा ६६८ वर. म्हणून या तक्त्यात तीन रकाने हवेत, धावसंख्या, बाद झालेला आणि नाबाद राहिलेला. पातळ बुकात फक्त धावसंख्या असते. त्यावरून कॉलेजच्या वार्षिकांकात किंवा वर्तमानपत्रात बातमी लिहिणाऱ्याला कोणी कोणाबरोबर डाव सावरला हे सांगताच येत नाही. 'संघाला सन्मानजनक धावसंख्या उभारून दिली' असली भरड वाक्यं येतात ती बहुधा इथूनच. आडव्या बुकात आत आल्याची आणि बाद झाल्याची वेळ व खेळलेले चेंडू यांचेही रकाने मिळतात. खेळलेल्या चेंडूंत वाइड धरायचा नाही, नो-बॉल धरायचा, एवढं गुणलेखकाला आधी सांगून ठेवा.

नावांबद्दल एक सूचना, बडोद्यासाठी खास. छापील रकाना आखूड, म्हणून नुसतं आडनाव लिहायची सवय लागते. 'गायकवाड' एवढंच लिहिलेलं जुनं पान दत्ताजीरावांचं की त्यांचे चिरंजीव अंशुमान यांचं, हे वर्ष बघितल्याशिवाय कळणार नाही, डी. के. आणि ए. डी. लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता. आजच्या संघात दोन पटेल, दोन शाह आणि वर एखादा गायकवाड सहज असतो. शिवाय पानाच्या डोक्यावर 'क्लब' छापलेलं असतं. आपल्या विद्यापीठात सामने फॅकल्टींचे, तेव्हा तिथे फॅकल्टी, तारीख आणि मैदान तिन्ही भरा. तारीख नसलेलं पान वर्षभराने रद्दीच.

ताळ्यासाठी पानाच्या तळाशी जागा आहे का बघा. चांगल्या बुकात दोन बेरजा समोरासमोर असतात. फलंदाजांच्या धावा अधिक सगळ्या अवांतर म्हणजे एकूण. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय, लेगबाय आणि दंड म्हणजेही तेवढेच. गोलंदाजांचे बळी अधिक धावबाद म्हणजे पडलेले गडी. फरक नऊच्या पटीत आला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, २७ चे ७२. फरक एक-दोनचा असेल तर आधी लेगबाय तपासा. तो फलंदाजाच्या खात्यात शिरलेला सापडतो. फलंदाजी आणि गोलंदाजीच्या दोन्ही बेरजा जुळल्या आणि दोन फलंदाजांचेच आकडे चुकले असतील तर गवताच्या गंजीत सुई शोधल्यागत सगळं पान पुन्हा वाचावं लागतं: एकेरी धावेनंतर टोक बदललं, पण टिंब जुन्याच ओळीत पडत राहिलं. हल्ली झेलबादनंतर, षटक संपलं नसेल तर, नवा फलंदाजच स्ट्राइकला येतो, फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं असलं तरी. २०२२ च्या या बदलाची सवय नसलेले गुणलेखक इथे हमखास घसरतात. ताळा हसण्यावारी नेऊ नये. १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेच्या ए. ई. जे. कॉलिन्सने नाबाद ६२८ केल्या. गुणलेखकाने म्हणे त्यात वीस इकडे-तिकडे धरा असं सांगून टाकलं होतं.

बांधणी दुकानातच तपासा. बुक टेबलावर उघडून हात काढा. डावीकडे फलंदाजी, उजवीकडे गोलंदाजी असल्यामुळे दोन्ही पानं सपाट पडली पाहिजेत. पिनांचं बुक मिटत राहतं आणि मधली पानं दुसऱ्या महिन्यात सुटतात. कागदाला जेल पेन लावून बघा. मागे उमटलं तर साधं बॉलपेन वापरा, दर गोलंदाजाला वेगळा रंग. वाऱ्यासाठी दोन कागदी क्लिपा.

ॲप बिनकामाचं नाही. बेरजा आपोआप होतात, घरबसल्या सामना दिसतो. पण चुकीचा फलंदाज स्ट्राइकवर राहिला आणि तीन षटकांनी लक्षात आलं, तर एकेक चेंडू मागे पुसत जावं लागतं आणि तोवर मैदानावर खेळ थांबत नाही. दोन गुणलेखक असतात, एकाने बुक धरावं, दुसऱ्याने फोन. दर षटकाअखेर एकूण धावसंख्या मोठ्याने बोलून जुळवावी.

राहिलं पॅड. रोजच्या वापराला नको, पण अंतिम सामन्याला घ्या. शीटखाली कार्बन घालून एक प्रत थेट वार्ताहराच्या हाती देता येते, म्हणजे संक्षिप्त धावफलकात षटकं, निर्धाव, धावा, बळी हा क्रम फोनवर ऐकताना उलटापालटा होत नाही. कार्बन पॅडबरोबर येत नाही, स्टेशनरीच्या दुकानातून वेगळा आणावा लागतो.