सेटिंगमध्ये ८ जीबी, आत ६: कस्टम रॉम मारलेल्या फोनने आम्हाला कसं गंडवलं

सेकंडहँड फोन घेताना आपण सगळे काय करतो, तर सेटिंगमध्ये जाऊन 'अबाऊट फोन' उघडतो, रॅम बघतो, स्टोरेज बघतो, अँड्रॉइड कुठलं ते बघतो आणि मान डोलावतो. आता हे पक्कं डोक्यात बसवा की त्या पानावरचं सगळं त्या फोनचं सॉफ्टवेअर ज्याने बनवलं त्याने लिहिलेलं असतं. कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर कंपनीने, आणि कोणी तिसऱ्याने रॉम, म्हणजे फोनची अख्खी सिस्टीम, बनवून मारली असेल (म्हणजे फोनमध्ये टाकली असेल) तर त्या तिसऱ्याने. त्याने ८ लिहिलं की ८ दिसणार, १६ लिहिलं तर १६ पण दिसतील. जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवून विकतात ना, तोच धंदा आहे हा, फक्त इथे हात काळे होत नाहीत.

झालं असं, गेल्या दिवाळीनंतर भाच्याला डिप्लोमाच्या हॉस्टेलला जायचं होतं आणि त्याचा आधीचा फोन पार गेलेला. दाजींनी जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर जाहिरात शोधली, पोको एफ१, ८ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज, 'कंडिशन एक नंबर, अँड्रॉइड १४ अपडेटेड, फक्त सिरीयस बायर'. साडेआठ हजार सांगितले, घासाघीस करून आठवर आणले. दाजींचा व्यवहार अजून रोखीचाच, समोरच्याला हवं होतं यूपीआय, म्हणून पैसे मी माझ्या खात्यातून टाकले. ते परत मिळायचे नाहीत हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ज्यांना हा फोन माहीत नाही त्यांच्यासाठी, शाओमीचा पोको एफ१ ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात आला, स्नॅपड्रॅगन ८४५ चिप, ६/६४ चा मॉडेल २०,९९९ ला आणि ८/२५६ चा २८,९९९ ला. त्या काळात एवढ्या पैशात ती चिप म्हणजे लोक वेडेच झाले होते, आणि म्हणूनच आजही या फोनसाठी लोक हौसेने रॉम बनवतात. कंपनीने मात्र एमआययूआय १२, म्हणजे अँड्रॉइडवर बसवलेलं तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर, देऊन थांबवलं, म्हणजे अँड्रॉइड १० च्या पुढे कंपनीचं काही आलेलंच नाही. त्यामुळे जाहिरातीत अँड्रॉइड १४ दिसलं की समजायचं आत कस्टम रॉम, म्हणजे कंपनीने न दिलेली, बाहेरच्या कोणीतरी बनवलेली रॉम आहे. विकणाऱ्याने दाजींना सांगितलं काय, तर 'काका, कंपनीनेच अपडेट दिलाय'. दाजी बिचारे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यांना कंपनीचं एमआययूआय आणि लिनिएजसारखी बाहेरची रॉम यातला फरक कुठून कळणार, आणि कळायची गरज तरी का असावी.

इथे एक सांगतो, रॉमला शिव्या घालायला मी हे लिहीत नाहीये. मी स्वतः सायनोजेनमॉड या जुन्या गाजलेल्या रॉमच्या काळापासूनचा माणूस. २००९ साली स्टीव्ह कोंडिकने सुरू केलेलं ते प्रकरण, २०१४ मध्ये वनप्लसचा पहिला फोन त्याच्यावरच आला, आणि आपल्याकडे मायक्रोमॅक्सने युरेका काढला तो पण त्याच्यावर, आणि मग भारतात सायनोजेन कोणाचं यावरून प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, मजाच होती सगळी. २०१६ च्या शेवटी सायनोजेन कंपनीने गाशा गुंडाळला आणि त्यातूनच लिनिएजओएस उभं राहिलं, ते आजही फुकट मिळतं, कोड सगळ्यांसमोर उघडा असतो. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला धडधाकट फोन अजून तीनचार वर्षं चालवायचा असेल तर यासारखी गोष्ट नाही. पण कोड उघडा असण्याची दुसरी बाजू अशी की तोच कोड कोणीही घ्यावा, त्यात आपल्याला पाहिजे ते घुसडावं आणि वर तेच नाव तसंच ठेवावं. आमच्या फोनमध्ये नेमकं तेच झालेलं.

फोन हातात देताना त्या माणसाने एक चलाखी केली, जी दाजींनी नंतर सांगितल्यावर माझ्या लक्षात आली. फोन चालूच दिला. दाजी म्हणाले जरा बंद करून चालू करून बघू, तर हा म्हणतो आत्ताच सेटअप झालाय, बॅकग्राउंडला अपडेट चालूये, रात्रीपर्यंत बंद करू नका. कारण काय, तर शाओमी-पोकोच्या फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, उघडलेला (बाहेरची रॉम चालावी म्हणून कुलूप काढलेला) असेल तर फोन चालू होताना लोगोसोबत उघडं कुलूप किंवा 'अनलॉक्ड' असं दिसतं. बंद केला असता तर तिथेच भांडं फुटलं असतं. काही महाभाग तो लोगोसुद्धा बदलून ठेवतात म्हणा, पण याने तेवढे पण कष्ट घेतले नव्हते.

सुरुवातीला भाचा खूश, फोन पळत होता. मग हॉस्टेलला गेल्यावर लेक्चरचे व्हिडिओ, सिनेमे, मित्रांचे फोटो असं भरत गेला आणि एक दिवस कॅमेऱ्याने सांगितलं जागा नाही. सेटिंगमध्ये बघावं तर जवळजवळ २०० जीबी शिल्लक! आणि लॉक स्क्रीनवर मधूनच पूर्ण पानाच्या जाहिराती, रमी, लोन, असलंच. त्याने फॅक्टरी रीसेट मारला, दोन दिवस बरं वाटलं, परत जाहिराती चालू. पोरगा म्हणे, 'मामा, रीसेट मारूनही व्हायरस कसा काय राहतो?'

राहतो कारण रीसेट फक्त तुमचा डेटा पुसतो, सिस्टीमचा जो भाग असतो त्याला हातही लावत नाही. रॉम बनवणाऱ्याने एखादं ॲप सिस्टीममध्येच बसवलं असेल तर तुम्ही शंभर रीसेट मारा, ते पहिल्या मिनिटाला तिथे हजर. शनिवारी तो घरी आला तेव्हा मी फोन कॉम्प्युटरला लावला आणि एडीबीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायच्या टूलने, बघितलं. मेमइन्फो ही मेमरीची माहिती देणारी फाईल वाचली तर रॅम साडेपाच जीबीच्या आसपास, म्हणजे सहाचा फोन. डेटा पार्टिशनचा आकार बघितला तर ५० च्या घरात, म्हणजे ६४ चा. मग बसवलेल्या ॲपची यादी काढली पाथसकट, त्यात 'सिस्टीम सर्व्हिस' असं साळसूद नाव घेतलेलं एक ॲप प्रिव्ह-ॲपच्या, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सिस्टीम ॲपच्या, फोल्डरमध्ये बसलेलं, आयकॉन नाही, अनइन्स्टॉलचं बटण नाही, आणि परवानग्या काय तर एसएमएस वाचणे, दुसऱ्या ॲपच्या वर दिसणे आणि इंटरनेट. एसएमएस! म्हणजे ओटीपी. मी तिथल्या तिथे सिम काढून घेतलं. मॅजिस्क, म्हणजे फोन रूट करायचं (सिस्टीमचा पूर्ण ताबा घ्यायचं) टूल, ते पण होतं, नाव आणि आयकॉन बदलून लपवलेलं, बँकेच्या ॲपना फोन रूट केलेला आहे हे कळू नये म्हणून.

हे पण समजून घ्या, कारण विकणारे 'सगळी बँक ॲप चालतात, बघा समोर चालवून दाखवतो' असं म्हणतात आणि खरंच चालवून दाखवतात. बँकेचं ॲप गूगलला विचारतं की हा फोन विश्वासाचा आहे का, त्याला प्ले इंटिग्रिटी म्हणतात, आधी सेफ्टीनेट होतं. बूटलोडर उघडा असला की उत्तर नाही असं यायला पाहिजे. मग मॅजिस्कमध्ये मॉड्यूल टाकून आपला फोन म्हणजे भलताच कुठलातरी सर्टिफाईड फोन आहे असं सोंग घेतात. सोंग आज चालतं, गूगलच्या लक्षात आलं की ती ओळख बंद करतात आणि त्या दिवशी तुमचं यूपीआय पण बंद. तोपर्यंत विकणारा पसार.

विकणाऱ्याला फोन लावला, पहिल्यांदा उचलला, म्हणाला 'तुम्हीच काहीतरी डाऊनलोड केलं असेल'. रॅम डाऊनलोड करून कमी होत नाही म्हणलं तर फोन कट, मग ब्लॉक. जाहिरात पण गायब. म्हणलं ठीके, पुढच्या शनिवारी मी कंपनीची स्टॉक रॉम मारून देतो, तोपर्यंत साधा फोन वापर.

पण पोरं कुठली थांबतात. मधल्या आठवड्यात त्याने एका मेसेजिंग ग्रुपवर मदत मागितली आणि तिथे दुसरा गुरू भेटला. हा जास्त डेंजर, कारण हा अर्धं खरं बोलतो. म्हणाला तुझा बूटलोडर उघडा आहे म्हणून बँक ॲप चालत नाहीत, लॉक करून देतो, सगळं ओके होईल, ५०० रुपये, लॅपटॉपवर एनीडेस्क (लांबून लॅपटॉप चालवू देणारं ॲप) टाक आणि फोन केबलने जोड. ५०० घेतले, लॅपटॉपचा ताबा घेतला, आणि आतली कस्टम रॉम तशीच ठेवून फास्टबूटमधून, म्हणजे सिस्टीम सुरू व्हायच्या आधीच्या कमांड घेणाऱ्या मोडमधून, लॉकची कमांड दिली. फोन परत चालू झाला तो काळ्या स्क्रीनवर इंग्लिशमध्ये सिस्टीम नष्ट झाली आहे असा मेसेज घेऊनच. दोन मिनिटांनी गुरूचा मेसेज, 'अरे बोर्ड प्रॉब्लेम दिसतोय, ईडीएल ऑथ लागेल, २,५०० होतील, आत्ता केलं तर होईल नाहीतर फोन गेला'.

त्याने जाणूनबुजून केलं याबद्दल मला तरी शंका नाही. बूटलोडर लॉक असला की फोन चालू होताना आतल्या सॉफ्टवेअरवर कंपनीची सही आहे का ते तपासतो, नसेल तर सरळ नकार. कस्टम रॉमवर कंपनीची सही असूच शकत नाही. मग लॉक केल्यावर काय होणार हे ज्याला ईडीएल हा शब्द माहीत आहे त्याला माहीत नसेल? गंमत अशी की गूगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस ही कस्टम रॉम टाकली तर शेवटी बूटलोडर लॉकच करायचा असतो, ते स्वतःच सांगतात, कारण पिक्सेलमध्ये दुसऱ्याची चावी बसवायची सोय आहे. त्यामुळे 'लॉक करणं सुरक्षित' हे वाक्य एका फोनसाठी बरोबर आणि दुसऱ्यासाठी विष, आणि हे लोक नेमके त्या फटीत बसून पैसे खातात. आणि ईडीएल म्हणजे क्वालकॉम चिपचा अगदी तळाचा मोड, तिथून मेलेला फोन उठतो, पण शाओमीच्या फोनना तिथे कंपनीने परवानगी दिलेलं खातंच लागतं. ती खाती आडमार्गाने वापरून रिमोटवर पैसे घेणाऱ्यांचा वेगळाच बाजार आहे.

नशीब २,५०० द्यायच्या आधी भाच्याने मला फोन केला. मी म्हणलं आधी लॅपटॉपचं नेट बंद कर, एनीडेस्क काढून टाक, मग दुसऱ्याच्या फोनवरून जीमेलचा पासवर्ड बदल आणि खात्यात कुठली कुठली डिव्हाइस दिसतात ती बघ. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड सगळे बदलायला लावले, रात्रभर तेच चाललेलं. फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला, त्यांनी रीतसर पावती करून सॉफ्टवेअर मारून दिलं, गुरूने मागितले त्याच्यापेक्षा कितीतरी कमी पैशात. चालू झाल्यावर अबाऊट फोन उघडलं, ६ जीबी, ६४ जीबी, अँड्रॉइड १०. दाजी तेव्हा पहिल्यांदा चिडले. तोपर्यंत त्यांना वाटत होतं पोराने फोन बिघडवला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली, यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. जाहिरातीचा स्क्रीनशॉट दाजींनी घेतलेला नव्हता, आणि पोलिसांनी पहिलं तेच मागितलं. म्हणजे काहीही ऑनलाइन घेताना पैसे द्यायच्या आधी जाहिरातीचा फोटो काढून ठेवा, नंतर ती राहत नाही. तक्रार आत्ता तरी 'अंडर प्रोसेस' दाखवते.

आता जुना फोन घ्यायला जाल तेव्हा पहिलं काम, समोरच्याला सांगून फोन पूर्ण बंद करा आणि चालू होताना स्क्रीनवरून नजर हलवू नका, उघडं कुलूप किंवा बूटलोडरची वॉर्निंग दिसली की थांबा. मग पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन दाबून फास्टबूटमध्ये जाता येतं का बघा, लॅपटॉप नेला असेल तर तिथे डिव्हाइस इन्फोची कमांड लॉक का अनलॉक ते सांगते, आणि हे रॉमच्या खालचं असल्यामुळे रॉमवाल्याला तिथे लुडबुड करणं सोपं नाही. त्या मॉडेलला कंपनीने शेवटचं अँड्रॉइड कुठलं दिलं ते घरूनच शोधून जा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, घ्या आणि केवायएम, स्पेस, आयएमईआय असा एसएमएस १४४२२ ला पाठवा, दुसराच मॉडेल आला किंवा ब्लॉक दाखवला तर तिथूनच मागे फिरा. सॅमसंग असेल तर सिक्युअर फोल्डर उघडतो का बघा, एकदा बाहेरचं सॉफ्टवेअर मारलं की नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज उडतो आणि तो परत कधीच जोडता येत नाही, कंपनीचं सॉफ्टवेअर मारलं तरी.

आणि ज्यांनी ऑलरेडी कस्टम रॉमवाला फोन घेतलाय आणि बाकी काही अडचण नाही, त्यांनी निदान त्याच माणसाने मारलेल्या रॉमवर बँक चालवू नका. लिनिएज पाहिजे तर त्यांच्याच साइटवरून आपल्या मॉडेलची फाईल घ्या, शा-२५६ (फाईल खरी आहे का ते सांगणारा लांबलचक कोड) साइटवरच्याशी जुळवा आणि जुनं सगळं पुसून स्वतः मारा, बूटलोडर उघडाच असतो त्यामुळे कोणाला एक रुपया द्यावा लागत नाही. आणि कोणी लॉक करून देतो म्हणाला तर त्याला आधी विचारा, आत्ता आत कुठली रॉम आहे ते तू बघितलंस का.