बोनेटखाली मुरलेली उष्णता: पाइप गुंडाळावा, एक्झॉस्ट झाकावा की नळी जागेवर बसवावी?

मे महिन्यातली दुपार. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर प्रत्येक सिग्नलला थांबत गाडी आणली, क्रांती चौकाजवळ अर्धा तास उन्हात उभी केली आणि पुन्हा चावी फिरवली. टेम्परेचरचा काटा जागेवर आहे, ऑइल नवं आहे, तरी सेव्हन हिलचा पूल चढताना गाडी ओढत नाही. एसी बंद केला तर थोडा फरक पडतो. चिकलठाणा मागे पडून मोकळा रस्ता लागला की चार-पाच किलोमीटरांत तीच गाडी पुन्हा हलकी चालायला लागते.

हा बिघाड नव्हे. गॅरेजवाले याला हीट सोक म्हणतात, मी ‘मुरलेली उष्णता’ म्हणतो. इंजिन बंद झालं की पाण्याचं फिरणं थांबतं, समोरून येणारा वाराही थांबतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणारा नळा) मात्र शेकडो अंशांवर तापलेलाच असतो. त्याची धग बोनेटखाली कोंडते आणि एअर फिल्टरचा डबा, हवेचा पाइप, थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप), इनटेक मॅनिफोल्ड (ती हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्या) या सगळ्यांत मुरत जाते. स्लॅबचं घर रात्री दहा वाजता जसं दिवसभराचं ऊन बाहेर टाकत बसतं, तसंच हे.

सध्या या त्रासावर बरेच उपाय विकले जातात: चकचकीत टेप, फायबरची पट्टी, उघडा गोल फिल्टर, गॅस्केट. परभणी-नांदेडकडे पारा 42-43 अंशांवर गेला की लोक घाईने काहीतरी घेऊन टाकतात. पैसे जाण्याआधी हे उपाय एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत, म्हणून हे लिहितोय.

नुकसान नेमकं किती?

हवा तापली की विरळ होते. 43 अंशांची हवा इंजिनात शिरेपर्यंत 68 अंशांची झाली, तर त्याच जागेत सुमारे 7 टक्के कमी हवा मावते. हवा कमी म्हणजे ताकदही साधारण तेवढीच कमी. अंदाजासाठी सांगतो: छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटर उंच आहे आणि त्या उंचीमुळे हवेचा दाब 6 टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे मुरलेली उष्णता आपली गाडी आणखी एका पठारावर नेऊन ठेवते.

पेट्रोल गाडीत वर दुसरा फटका बसतो. गरम हवेत नॉकिंगची, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकू लागण्याची, भीती असते, म्हणून इंजिनचा कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे घेतो. पाय दाबूनही गाडी जड वाटते त्यात याचा वाटा मोठा असतो. सीएनजीवर नॉकिंगची चिंता नाही, पण गॅस स्वतःच मिश्रणातली साडेनऊ टक्के जागा खातो. त्यात गरम हवा मिळाली की चढावर दम निघतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण विकणारे ती सांगत नाहीत: या कुठल्याही उपायाने ॲव्हरेज वाढत नाही. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना इंजिनला पूर्ण हवा लागतच नाही. हवा थोडी विरळ असेल तर आपण ॲक्सिलरेटर किंचित जास्त दाबतो, एवढंच. फायदा मिळतो तो चढावर, ओव्हरटेक करताना आणि भरलेल्या गाडीत.

हवा कुठून येते आणि वाटेत किती तापते

या दोन प्रश्नांची गल्लत झाली की निर्णय चुकतो. 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन 2000 आरपीएमला पूर्ण दाबलं, तर सेकंदाला साधारण 20 लिटर हवा ओढतं. पाइप 6 सेंटिमीटर व्यासाचा धरला तर हवा त्यातून सेकंदाला 7 मीटर धावते आणि 70 सेंटिमीटरचा पाइप सेकंदाच्या दहाव्या भागात पार करते. एवढ्या वेळात ती पाइपच्या भिंतीकडून फारशी तापत नाही. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मात्र हवा इतकी थोडी लागते की तोच पाइप पार करायला आठपट वेळ जातो, आणि फिल्टरच्या डब्यात तर ती त्याहून जास्त रेंगाळते.

म्हणून धावत्या गाडीत पाइप गुंडाळलाय की नाही याला फार महत्त्व नाही, पाइपचं तोंड कुठल्या हवेत आहे याला आहे. गुंडाळण्याचा उपयोग असलाच तर तो सिग्नलवर आणि गर्दीत रांगणाऱ्या गाडीला.

टेप, स्लीव्ह आणि गोधडीचा नियम

हवेच्या पाइपवर लावायला दोन प्रकार मिळतात. पहिला, चकचकीत ॲल्युमिनियमची किंवा सोनेरी टेप. ती समोरून येणारी धग परतवते. म्हणजे पाइप आणि तापलेला मॅनिफोल्ड समोरासमोर असतील तरच तिचं काम. मध्ये दुसरा भाग असेल तर ती नुसती शोभा. शिवाय ती चकाकते तोवरच चालते. आपल्याकडे काळ्या मातीचा फुफाटा आणि ऑइलचा ओशटपणा तिच्यावर एका उन्हाळ्यात बसतो. दर सर्व्हिसिंगला कोरड्या फडक्याने पुसणार असाल तरच लावा.

दुसरा प्रकार म्हणजे फायबरग्लासचं किंवा फोमचं जाड आवरण. हे धग परतवत नाही, उष्णता आत शिरायला उशीर लावतं. इथे गोधडीचा नियम लागतो. बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकलं की बर्फ टिकतो आणि गरम पातेल्यावर गोधडी टाकली की भात गरम राहतो. आवरण कुणाची बाजू घेत नाही. गाडी दहा मिनिटं उभी असेल तर गुंडाळलेला पाइप कमी तापतो. पण ती उन्हात दीड तास उभी राहिली आणि पाइप आतपर्यंत तापला, तर तेच आवरण त्याला निवायला उशीर लावतं. म्हणजे दूधवाला, कुरिअरवाला, दुकानादुकानांत थांबणारा विक्रेता यांना फायदा, आणि ऑफिसच्या मैदानात दिवसभर गाडी लावणाऱ्याला जवळपास काहीच नाही.

पाइप कशाचा आहे हेही पाहा. जर्मनचं पातेलं आणि प्लॅस्टिकचा मग यांत जो फरक, तोच इथे. ॲल्युमिनियममधून उष्णता प्लॅस्टिकच्या शेकडो पटींनी सहज जाते. आजच्या बहुतेक गाड्यांत कंपनीचा पाइप प्लॅस्टिकचा किंवा रबराचा असतो, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं असतं. बाजारातून चकचकीत धातूचा पाइप घालायचा आणि मग त्यावर टेप गुंडाळायची, हे मला पटत नाही. गुंडाळायचंच असेल तर पाइपाआधी फिल्टरचा डबा बघा, कारण तापणारा पृष्ठभाग त्याचा मोठा आहे. इंजिनकडची बाजू झाकली तरी पुरते. झाकण, क्लिपा आणि सेन्सरचा कनेक्टर मोकळा ठेवा.

धग जिथे जन्मते तिथेच अडवणं

मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते इथे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर कंपनीने एक पत्रा लावलेला असतो, हीट शील्ड. पत्रा आणि मॅनिफोल्ड यांच्यात हवेची पोकळी सोडलेली असते आणि खरं काम ती पोकळी करते. काही वर्षांनी त्याचे बोल्ट गंजतात आणि पत्रा खडखडायला लागतो. माझ्या गाडीचा तसाच वाजत होता. मिस्त्री म्हणाला, “साहेब, काढून टाकतो, काही काम नाही त्याचं.” मीही हो म्हटलं. आवाज गेला. पुढच्या उन्हाळ्यात गाडी जड झाली आणि मी फिल्टर बदलला, प्लग बदलले, पेट्रोलपंप बदलून पाहिला. बोनेट उघडून उघडा मॅनिफोल्ड पाहिला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जुन्या बाजारातून तोच पत्रा आणून नव्या बोल्टांनी बसवला, फटी धरल्या होत्या तिथे मोठे वॉशर दिले. मी पाइपला कधी लावलेल्या टेपेने इतका फरक पडला नव्हता.

याच्या तोडीला बाजारात एक्झॉस्ट रॅप आहे, मॅनिफोल्डवर किंवा पुढच्या पाइपवर घट्ट गुंडाळायची फायबरची पट्टी. ती धग खरंच अडवते, पण तिची किंमत लोखंड मोजतं. आतली उष्णता बाहेर पडत नाही म्हणून धातू नेहमीपेक्षा जास्त तापतो. बिडाच्या मॅनिफोल्डला त्याने चीर जाऊ शकते. पावसाळ्यात पट्टी पाणी धरते आणि साध्या स्टीलचा पाइप खाली गंजत राहतो. वरून दिसत मात्र नाही. टॅपेट कव्हरमधून ऑइल गळत असेल तर ते पट्टीत शोषलं जातं आणि आग लागण्याचा धोका राहतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) तर कधीच गुंडाळू नये. घरच्या गाडीला, रेसिंगला नव्हे, पत्रा आणि पट्टी यांतून निवडायचं असेल तर मी पत्राच घेईन.

कंपनीची नळी की उघडा गोल फिल्टर

फिल्टरच्या डब्याकडे जाणारी पुढची नळी बहुतेक गाड्यांत ग्रिलच्या मागून किंवा फेंडरमधून बाहेरची हवा घेते. सर्व्हिसिंगमध्ये ती नळी अनेकदा सुटते, तिची क्लिप तुटते, किंवा अपघातानंतर ती परत बसवलीच जात नाही. मग गाडी रेडिएटरवरून आलेली गरम हवा पिते. एसी चालू असेल तर कंडेन्सरची उष्णताही त्यात मिसळते. हे बघायला पाच मिनिटं लागतात आणि नवी नळी काही शे रुपयांत येते. बोनेटच्या कडेचं रबर आणि इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर तेव्हाच तपासा. ते नसेल तर समोरची हवा रेडिएटरमधून नीट ओढली जात नाही.

डबा काढून उघडा गोल फिल्टर लावणं हा उलटा प्रवास आहे. आवाज भारी येतो, पण गाडी बोनेटखालचीच हवा घेते आणि उष्णतेचा प्रश्न तुम्ही पैसे देऊन विकत आणता. त्यातले ऑइल लावायचे सुती फिल्टर कागदी फिल्टरपेक्षा सहसा जास्त धूळ सोडतात. शेतरस्त्यांवर, मुरमावर चालणाऱ्या गाडीच्या पिस्टन-रिंगांना ते परवडत नाही. काही जण फिल्टर खाली बंपरमध्ये नेतात. तिथे हवा खरंच थंड असते. पण आषाढात एखाद्या ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल आणि तुम्ही गाडी घातली, तर इंजिन पाणी ओढेल. पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं.

टर्बो डिझेलवाल्यांचं गणित वेगळं

टर्बोतून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यातून) बाहेर पडणारी हवा जोर दिल्यावर 100 अंशांच्या वर जाते. त्यापुढे टर्बोआधीच्या पाइपावरची टेप किरकोळ. टर्बो ते इंटरकूलर (ती हवा गार करणारी जाळी) हा गरम बाजूचा पाइप तर गुंडाळूच नका. तो बोनेटखालच्या हवेपेक्षाही गरम असतो, वाटेत थोडी उष्णता टाकत असेल तर टाकू द्या. इंटरकूलरकडून इंजिनकडे येणारा थंड बाजूचा पाइप मॅनिफोल्डजवळून जात असेल तर तेवढा झाका. पण त्याआधी इंटरकूलरच्या जाळीतला चिखल, किडे, कापसाचा कचरा मंद पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला तर पाती वाकतात. होसच्या क्लॅम्पजवळ ऑइलचा ओला डाग दिसला तर तिथून हवा गळत असण्याची शक्यता आहे, ते आधी बघा. कन्नडच्या घाटात भरलेली जीप ओढत नसेल तर मी याच क्रमाने जाईन.

इनटेक मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यामधलं जाड उष्णतारोधक गॅस्केट फक्त ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला कामाचं. नव्या गाड्यांत मॅनिफोल्डच प्लॅस्टिकचा असतो, तिथे विसरा. थ्रॉटल बॉडीला जाणारं गरम पाणी बायपास करण्याचा सल्लाही मिळतो. ते पाणी थंड देशांत बर्फ धरू नये म्हणून असतं हे खरं, पण त्यातून मिळतं थोडं आणि लाइन नीट जोडली नाही तर एअरलॉक होतो, म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकते. मी हात लावलेला नाही.

कुणी काय घ्यावं

गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी असेल, एकदा तरी ठोकली असेल, तर नळी, पत्रा, रबर एवढंच बघा आणि थांबा. शहरात दिवसभर चालू-बंद करणारी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी असेल, तर हे झाल्यावर फिल्टरच्या डब्याच्या इंजिनकडच्या बाजूला परतवणारी टेप लावा. समृद्धीवर किंवा धुळे-सोलापूर रस्त्यावर तास-तास एका वेगाने जाणाऱ्यांनी पाइपावर खर्च करू नये. नवी, वॉरंटीतली गाडी असेल तर काहीच कापू-जोडू नका. सावलीत लावा, थांबल्यावर जमेल तिथे बोनेट पाच मिनिटं उघडा, आणि निघाल्यावर पहिले दोन मिनिटं गाडीला फार दाबू नका.

टेप लावण्याआधी आणि नंतर मोजून पाहा. ओबीडीच्या (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या) सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो, त्यात इनटेक एअर टेम्परेचर दिसतं. सेन्सर कुठे आहे ते आधी शोधा. फिल्टरच्या डब्याजवळ असेल तर त्याच्या पुढच्या पाइपात काय घडतं ते त्याला कळत नाही. इनटेक मॅनिफोल्डवर असेल तर तो स्वतःही तापलेला असतो, म्हणून चालू केल्याबरोबरचा आकडा धरू नका. एकाच दुपारच्या वेळेला, एकाच रस्त्याने, वीस मिनिटं थांबून निघा आणि आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा दहा अंशांच्या आत यायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. तीन दिवस आधी, तीन दिवस नंतर. मृगाचा पाऊस पडायच्या आत करा, कारण एकदा हवा गार झाली की आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत.