तीन खिडक्यांचा प्लेपट्टा: पट्टा बरा, जाहिरात थापाडी

मनगटावर बांधायच्या या प्लेपट्ट्याच्या (प्ले म्हणजे आधी आखलेली चाल) वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलंय, 'कोचचा हुकूम थेट मनगटावर'. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पण पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढून अडवायचा) असणार हे ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या मुंबईतच भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात ठरलं. तेव्हा खारघर, नेरूळ किंवा घोडबंदर रोडच्या टर्फवर पाच जणांचा संघ बांधणाऱ्याला हा पट्टा घ्यावा का, हा प्रश्न पडणारच. घ्या, पण एकट्या क्वार्टरबॅकसाठी (चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारासाठी) नको, पाचही जणांसाठी घ्या. सोबत येणारी छापील कार्डं मात्र केराच्या टोपलीत टाका. ती अकरा जणांच्या खेळाची आहेत, पाच जणांना त्यांचा उपयोग शून्य.

वस्तू साधी आहे. इलॅस्टिकचा पट्टा, त्यावर पुस्तकाच्या पानांसारख्या उलटणाऱ्या तीन पारदर्शक खिडक्या आणि वर झाकण. झाकण वेल्क्रोनं बसतं. खिडकीचं माप साधारण १२ बाय ६ सेंटीमीटर. ही कल्पना जुनी आहे. १९६५च्या मोसमाअखेरीस बाल्टिमोर कोल्ट्सचे क्वार्टरबॅक जखमी झाले आणि टॉम मॅटी या हाफबॅकला (चेंडू घेऊन पळणाऱ्याला) त्या जागी उभं राहावं लागलं. त्यानं प्ले लिहिलेली पट्टी मनगटाला बांधली. ती आज अमेरिकेतल्या प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे.

आता त्या 'हुकुमा'बद्दल, कारण कार्ड कसं बनवायचं ते यावरच ठरतं.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, टीव्हीवर ज्याच्या नावाखाली 'ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर' (आक्रमणाचा कोच) अशी पाटी येते, तोच प्ले सांगतो असं धरून चालू नका. कॅन्सस सिटीत अँडी रीड आणि रॅम्समध्ये शॉन मॅकव्हे हे मुख्य कोच असूनही प्ले सांगण्याचं काम स्वतःकडे ठेवून आहेत. त्याच रीडनी २०१७च्या मोसमात मध्येच ते काम मॅट नेगीकडे दिलं होतं. मुख्य कोच स्वतः प्ले सांगतो तिथे कोऑर्डिनेटरकडे आठवडाभराची आखणी उरते: तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) काय, गोलरेषेजवळ काय, अशा याद्या. खरा सांगणारा ओळखायचा तर लॅमिनेट केलेला मोठा कागद तोंडासमोर धरून बोलणारा माणूस शोधा. ओठ वाचले जाऊ नयेत म्हणून तो कागद आडवा धरतात.

तो बोलतो ते क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर पोचतं. क्लीव्हलँडचे कोच पॉल ब्राउन यांनी १९५६मध्येच हे करून पाहिलं होतं, पण लीगनं लगेच बंदी घातली. परवानगी मिळाली ती १९९४मध्ये. ज्याच्या हेल्मेटमध्ये रेडिओ, त्याच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. एका प्लेनंतर पुढच्यासाठी ४० सेकंद मिळतात आणि घड्याळात १५ उरले की रेडिओ आपोआप बंद पडतो. त्या पुढे कोच नुसता प्रेक्षक. बचावाची मांडणी पाहून प्ले बदलायचा की तोच ठेवायचा, हे क्वार्टरबॅक ठरवतो. कुणी कुणाला अडवायचं याची हाक बऱ्याचदा सेंटर (चेंडू मागे देऊन प्ले सुरू करणारा) देतो. काही प्लेमध्ये तर रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) पळता पळता समोरच्याला बघून वाट निवडतो. म्हणजे पहिला शब्द कोचचा, शेवटचा मैदानातल्याचा. बफेलो संघाचा क्वार्टरबॅक जिम केली तर प्लेआधी खेळाडूंचा घोळका न जमवता, थेट चेंडूच्या रेषेवर उभं राहून स्वतःच प्ले सांगायचा.

तिथेही मनगटाला पट्टा असतोच. प्लेचं नाव लांबलचक असतं, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानात कान बधिर करणारा गोंगाट असतो, रेडिओ दगा देतो. अशा वेळी कोच नुसता आकडा सांगतो आणि क्वार्टरबॅक पट्ट्यावर वाचतो. आपल्याकडे हेल्मेटच नाही, म्हणून आकडा हेच सगळं.

यावरून कार्ड असं करा. कार्डावरच्या प्रत्येक घरात (आकडा घातलेल्या चौकटीत) एक प्ले नको, दोन हवेत. वरच्या ओळीत सांगितलेला, खालच्या ओळीत बदली. समजा ४२ नंबरला उजवीकडे दोन रिसीव्हर आहेत: बाहेरचा तिरका आत, आतला सपाट बाहेर. त्याच घरात खाली बदली: बाहेरचा सरळ लांब, आतला पाच यार्डांवर थांबून वळणार. क्वार्टरबॅकनं रेषेवर 'पलट' म्हटलं की सगळे खालची ओळ खेळतात. पलटायचं कधी, हेही आधीच ठरवा. सात यार्डांवरून क्वार्टरबॅकवर धावत येणारा रशर (बचावपटू) फेकण्याच्या बाजूला उभा असेल तर पलट, एवढा एकच नियम पहिल्या महिन्याला पुरे. एका खिडकीत सहा घरं, तीन खिडक्या, झाले अठरा आकडे. वेष्टनावर छत्तीसचा दावा आहे, पण तेवढी घरं बसवली तर अक्षरं सात पॉइंटची होतात आणि मात्रा-वेलांट्या दिसेनाशा होतात. शब्द कमी, बाणांचं चित्र मोठं. चित्रात प्रत्येकाचा स्वतःचा बाण जाड करा, म्हणजे पाच जणांची पाच वेगळी कार्डं होतात.

आकडे ओरडताना मराठीची एक गंमत नडते. 'एकोणतीस' आणि 'एकोणचाळीस', 'सदतीस' आणि 'सदुसष्ट' हे चाळीस यार्डांवरून सारखेच ऐकू येतात. संघात कुणी हिंदीत मोजणारा असला तर असे आकडे ऐकून तो हमखास चुकीच्या घरात बोट ठेवतो. म्हणून 'चार-दोन' असं सुटं सांगा. समोरच्या संघालाही मराठी कळतंच, तेव्हा आकड्याआधी रंग लावा: 'लाल' म्हटलं तर आकडा खरा, बाकी कुठलाही रंग फसवा. मध्यंतराला रंग बदला.

छपाई लेसरवरच करा. इंकजेटची शाई घामानं पसरते. कागद ११.२ बाय ५.२ कापा आणि चहूबाजूंनी तीन मिलिमीटर कडा सोडून लॅमिनेट करा. एका ए-फोर पानावर सहा कार्डं बसतात, म्हणजे एका खिडकीचं एक पान: पाच खेळाडूंची पाच आणि एक जादा. लॅमिनेशन ८० मायक्रॉनचं सांगा. झेरॉक्सवाला बहुतेक १२५चं सुचवेल, पण ते मनगटाच्या गोलाईला वळत नाही, कडा उकलतात आणि आत पाणी शिरतं. शक्य असेल तर मॅट घ्या. चकचकीत कार्डावर रात्री फ्लडलाइट पडला की पांढऱ्या झगमगाटाशिवाय काही दिसत नाही.

आता पट्ट्याचे दोष. पहिला, वेल्क्रो. टर्फवरचे काळे रबराचे कण आणि प्लास्टिकचं गवत त्यात अडकतं, आणि चार-पाच सामन्यांत झाकण नीट चिकटेनासं होतं. जुन्या टूथब्रशनं घासलं की पकड परत येते, पण पूर्वीसारखी नाही. दुसरा, खिडकीची शिवण. जूनपासूनच्या दमट हवेत तिथून ओल आत जाते आणि प्लास्टिक आतून धूसर होतं. तिन्ही कडांना पारदर्शक पॅकिंग टेप लावली तर पावसाळा निभावतो. तिसरा दोष रिसीव्हरसाठी: झाकणाचा कोपरा कडक आहे, चेंडू छातीशी घेताना तो हाताच्या आतल्या बाजूला घासतो. कोपरे कात्रीनं गोल करून टाका. पट्टा ज्या हातानं फेकत नाही त्या हाताला, खिडकी तळव्याच्या बाजूला ठेवून बांधा. म्हणजे हात नुसता उचलला की वाचता येतं.

शाळकरी मुलांसाठी हे माप मोठं पडतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनगटावर तो फिरतो आणि पळताना कोपराकडे सरकतो. त्यांच्यासाठी एका खिडकीचा लहान पट्टा शोधा. धुलाई हातानंच, कार्डं काढून. मशीनमध्ये टाकलात तर इलॅस्टिक सैल पडलंच म्हणून समजा.

पाचापैकी साडेतीन तारे. अर्धा वेल्क्रोनं खाल्ला, एक वेष्टनावरच्या त्या वाक्यानं.